साहेब उशिरा ओ द्यायचा

किन्हवलीच्या देवराम विशेकडे एक पांढरा बैल होता. त्याचं नाव साहेब. हे नाव मान देण्यासाठी ठेवलेलं नव्हतं आणि टिंगल म्हणूनही नव्हतं. ती वस्तुस्थिती होती. वासरू असल्यापासून पहिल्या हाकेला तो काहीच करायचा नाही. दुसऱ्या हाकेला एक कान हलवायचा. तिसऱ्या हाकेला मान वळवून असा बघायचा, की हाक मारणाऱ्याला वाटावं, आपण अर्जाला तिकीट चिकटवायला विसरलो. मग सावकाश उठायचा. पण उठून एकदा पळायला लागला, की किन्हवलीपासून सरळगावापर्यंत त्याला मागं टाकेल असं जनावर नव्हतं.

अडचण एवढीच, की बिनजोडीची शर्यत बैल पळायला लागला की सुरू होत नाही, झेंडा पडला की सुरू होते. बिनजोड म्हणजे दोन छकडे, प्रत्येकाला बैलांची एक जोडी, एकच धाव. जिंकेल त्याला गुलाल. झेंडा पडला की समोरची जोडी सुटायची आणि साहेब विचार करायचा. त्याच्या जोडीला मुरबाडच्या धोंडीचा हेलिकॉप्टर नावाचा तांबडा बैल असायचा, तो बिचारा वेळेवर सुटायचा. एक बैल सुटलेला आणि एक विचारात, त्यामुळं छकडा जागच्या जागी गोल फिरायचा आणि हेलिकॉप्टरचं नाव सार्थ व्हायचं. मग साहेबाचा विचार पक्का व्हायचा, जोडी वाऱ्यासारखी जायची आणि दर वेळी हातभर अंतरानं हरायची.

देवराम शर्यतीहून घरी आला, की त्याची बायको सकुबाई आधी त्याच्या टोपीकडे बघायची. टोपी पांढरीशुभ्र.

"आली का तशीच? बरं झालं, साबण वाचला," ती म्हणायची.

देवराम गोठ्यात जायचा. बैलाला वैरण टाकायचा आणि त्याच्या गळ्याची लोंबती पोळी खाजवत हळूच म्हणायचा, "साहेब, एकदा तरी लवकर ऊठ रे. मी काय जल्मभर थांबणार हाय का?"

साहेब त्याचंही उत्तर तिसऱ्या वेळेला द्यायचा.

देवरामचा मुलगा संदेश शहापूरच्या अलीकडं हायवेला एका यार्डात कामाला होता. तिथं मोठमोठ्या जुन्या गाड्या विकायला असायच्या. संदेशचं काम म्हणजे गिऱ्हाइकाला गाडीत बसवून एक फेरी मारायची आणि बटणं समजावायची. चारशे घोड्यांच्या गाडीचं गिऱ्हाईक बहुधा असं, की ज्यानं पैसे कमावले पण घोडा कधी जवळून पाहिला नाही. तो गाडीत बसला की आधी विचारायचा, "यात स्पोर्ट मोड आहे ना?"

"आहे साहेब."

"दाबला की पॉवर वाढते?"

आणि इथं संदेश त्याची ठरलेली गोष्ट सांगायचा. पॉवर वाढत नाही. घोडे तेवढेच. फक्त गाडी ओ लवकर देते. कॉम्फर्टमध्ये, म्हणजे रोजच्या साध्या मोडमध्ये, पाय दाबला की ती क्षणभर विचार करते, की मालकाला खरंच जायचंय, की पायावर माशी बसली? स्पोर्टमध्ये विचार नाही. खालचा गियर धरून, इंजिन तापवून, उभी. वरचा गियर उशिरा टाकते. स्टिअरिंग जड, खालचे शॉकअप कडक, आणि सायलेन्सरचं एक झाकण उघडतं, त्यामुळं आवाज असा की शेजारच्या बिल्डिंगला कळावं. पाय एकदम सोडला, तर मागून फटाके फुटल्यासारखं फाट-फाट-फाट होतं.

"हे फटाके कशासाठी?" एखादा विचारायचा.

"कशासाठीच नाही," संदेश म्हणायचा. "तेच तर विकतो आपण."

त्यात एक निळी गाडी बरेच दिवस विकली जात नव्हती. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, म्हणून यार्डाचे शेठ म्हणाले, रविवारी घरी घेऊन जा, चालवून आण, पण खड्डे बघून. किन्हवलीच्या रस्त्यावर खड्डे बघून चालवायचं म्हणजे रस्ता कुठं दिसतो का ते बघत चालवायचं. तरी संदेश ती कॉम्फर्टमध्ये, वरातीतल्या नवऱ्याच्या चालीनं, घरापर्यंत घेऊन आला.

सकुबाई आधी बसली. थंडीचे दिवस, सीट गरम होणारी. ती पटकन उठली.

"संदेश, या सीटला ताप आलाय रे."

"आई, ते मुद्दाम करतात."

"मुद्दाम? आनी त्याचे पैशे घेतात?" म्हणत ती घरात गेली आणि पुन्हा त्या गाडीत बसली नाही.

देवराम मात्र बसला. हात मांडीवर ठेवून, लग्नाच्या फोटोला बसल्यासारखा. संदेशनं त्यालाही गोष्ट सांगितली, गिऱ्हाइकाला सांगायचा तीच.

"म्हंजी ताकद तीच?" देवराम म्हणाला.

"तीच बाबा. एक घोडा वाढत नाय."

"फकस्त ओ लवकर देते."

"हां."

देवराम थोडा वेळ समोरच्या गोठ्याकडं बघत राहिला. "मंग कॉम्फर्टमध्ये ही आपला साहेबच हाय की रे."

दोघंही हसले. संदेशला पुढं कितीतरी वेळा वाटलं, की हसून तिथंच थांबायला हवं होतं. पण बाप फार क्वचित हसायचा, आणि बापाला हसवणारा मुलगा एकदा हसवून थांबत नाही.

"थांबा, दाखवतो," म्हणून त्यानं बटण दाबलं, जागच्या जागी पाय दाबला आणि सोडला.

फाट! फाट-फाट!

कोंबड्या कुठल्या कुठं गेल्या. शेजारच्या घराचं दार उघडून पुन्हा लागलं. आणि गोठ्यात, जन्मात कधी पहिल्या हाकेला न उठलेला साहेब, एका झटक्यात चारी पायांवर उभा होता.

देवरामनं बैलाकडं पाहिलं. मग बटणाकडं पाहिलं. मग मुलाकडं.

"संदेश," तो म्हणाला, "लवकर उठला रे."

त्यानंतरचं सगळं संदेशच्या डोक्यातून निघालं, हे त्यानं कधी नाकारलं नाही. भात काढून झालं होतं, खाचरं रिकामी होती. रविवारी संदेश गाडी बांधाला उभी करायचा. साहेब खाचरात. देवराम त्याच्या कानाशी उभा राहून हाक मारायचा, "साहेब!" आणि हाक पुरी व्हायच्या आत संदेश पाय दाबून सोडायचा. फाट-फाट. बैल उधळायचा. देवराम त्याला धरून, गोंजारून, गूळ चारून परत आणायचा. पुन्हा हाक. पुन्हा फाट-फाट. हाक आणि आवाज, आवाज आणि हाक. काही रविवारांनी असं झालं की गाडी यार्डातच राहिली तरी चालायचं. नुसतं "साहेब" म्हटलं, की बैल सुटलेला.

सकुबाई बांधावर कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "त्या जनावराला कशाला भिववता?"

"भिववत नाय आई. रिस्पॉन्स वाढवतोय."

"तुज्या बापाचा वाढव आधी. भात वाढून हाका मारते, तर निवलं की येतो."

"काठी नाय, चाबूक नाय, खिळा नाय," संदेश म्हणायचा. "नुसता आवाज. आवाजानं काय व्हतंय?"

काय होतंय ते गोठ्यात दिसत होतं, बघायचं असतं तर. साहेब बसेनासा झाला. पूर्वी वैरण खाऊन असा पसरायचा, की जणू निवृत्त झालाय. आता उभ्यानं रवंथ करायचा, तेही अर्ध्यात थांबवून ऐकत राहायचा. तोंडात घास, डोळे दाराकडं. घरात कुकरची शिट्टी झाली की त्याच्या कातडीवरून शिरशिरी जायची. संदेशनं हे पाहिलं होतं. पाहून तो ऋतिकला, त्याच्या मित्राला, कौतुकानं म्हणाला होता, "बघ, कायम तयारीत असतो. स्टँडबाय."

ऋतिक म्हणाला होता, "भारी." ऋतिक कशालाही भारी म्हणायचा, पण संदेशला त्या वेळी तेवढं पुरलं.

शर्यत मुरबाडच्या अलीकडच्या माळावर होती. समोर पिस्तूल नावाच्या बैलाची जोडी, जिच्याकडून साहेब आजवर दर वेळी हातभरानं हरला होता. छकडा हाकायला गोमा उभा राहणार होता. गोमाचं अंग इतकं हलकं, की छकड्यावर माणूस आहे की वाळत घातलेला शर्ट, हे लांबून कळायचं नाही. देवराम साहेबाच्या कानाशी होता. माईकवाला कुणाच्या तरी हरवलेल्या चावीबद्दल बोलत होता. झेंडा पडला.

"साहेब!"

जे झालं ते गोमानं नंतर असं सांगितलं, की त्यानं डोळे मिटले आणि उघडले तर शर्यत संपली होती. या वेळी हेलिकॉप्टर मागं राहिला होता आणि जवळजवळ ओढला गेला होता. पिस्तूलची जोडी निम्म्या वाटेवर होती. माईकवाला चावी विसरला. माळभर लोकांनी शिट्ट्या मारल्या, धोंडी उड्या मारत आला आणि त्यानं देवरामच्या डोक्यावर गुलालाचं अख्खं पुडकं रिकामं केलं. टोपी गुलाबी. मिशा गुलाबी. साहेबाचं पांढरं अंग शिंगापासून शेपटीपर्यंत गुलाबी.

देवरामच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. गुलाल गेलाय डोळ्यात, असं तो प्रत्येकाला न विचारता सांगत होता.

"संदेश," तो मुलाचा दंड धरून म्हणाला, "तू दिलास रे हा गुलाल."

हे वाक्य संदेशनं पुढं खूपदा आठवलं. प्रत्येक वेळी त्याला वाटलं, बापानं ते दुसऱ्या कुणाला तरी म्हणायला हवं होतं.

संध्याकाळी किन्हवलीच्या नाक्यावर स्वागत ठेवलेलं. बॅन्जो आला होता. सकुबाई आरतीचं ताट घेऊन आली होती, आणि नवऱ्याच्या टोपीकडं बघून म्हणाली होती, "हा डाग आता कुठल्या साबणानं जायचा नाय." हे तिच्याकडून कौतुक होतं. साहेब टेम्पोतून उतरला, कान मागं, पाय थरथरत. चौघांनी दोर धरला होता. थकलाय, लोक म्हणाले. ऋतिकनं प्रेमानं फटाक्यांची लांबलचक माळ आणली होती आणि ती पेटवायला त्यानं कुणाला विचारलं नाही. अशा गोष्टीला कोण विचारतं?

संदेशनं काडी पेटलेली पाहिली. त्याच्या मनात आलं, अरे, नको. तोंडातून आलं नाही. तेवढ्यात माळ लागली.

साहेबानं चौघांना झेंडूच्या पाकळ्यांसारखं उधळलं. बॅन्जोवाल्यांच्या मधून, आरतीच्या ताटावरून, पानपट्टीच्या फळीखालून तो शेणव्याच्या रस्त्याला लागला. आणि मागून देवराम, गुलाबी टोपी सावरत, जीव तोडून पळत, ओरडत निघाला:

"साहेब! थांब! साहेऽब!"

प्रत्येक हाकेला बैल आणखी वेगात. देवरामनं जितक्या मायेनं हाक मारावी, तितका तो लांब. बैल पुढं, हाक मागं, आणि त्यांच्या मागं सगळं गाव, तेही हाका मारत. अंधार पडायच्या आत साहेब रस्ता सोडून डोंगराच्या बाजूला सागाच्या झाडीत शिरला.

दुसऱ्या दिवशी माणसं पांगून झाडीत शिरली. जो तो हाका मारत होता. साहेब, ए साहेब, या साहेब. लांबून ऐकणाऱ्याला वाटलं असतं, कुणी मोठा अधिकारी पाहणीला येऊन जंगलात हरवलाय. दुपारी एका ओहोळापलीकडं देवराम आणि संदेशला तो दिसला. गुलाबी बैल, सागाच्या वाळल्या पानांत उभा. पोट आत गेलेलं. देवरामचा चेहरा उजळला.

"साहेब," त्यानं हाक मारली. अगदी हळू. वैरण टाकताना मारायचा तशी.

बैल असा उसळला, की जणू त्याला डागलं. क्षणात झाडीत नाहीसा झाला.

"भ्यालाय," देवराम म्हणाला. "माजा आवाज वळखला नाय त्यानं."

आणि संदेशला त्या क्षणी सगळं समजलं. आवाज ओळखला होता, बरोबर ओळखला होता. त्या आवाजापाठोपाठ काय येतं ते बैलाला पाठ होतं, कारण रविवारमागून रविवार संदेशनंच ते पाठ करून घेतलं होतं. बाप हाक मारत राहील तोवर बैल लांब जात राहील. बापाला एवढंच सांगायचं होतं, की बाबा, हाक मारू नका.

साधं वाक्य. गिऱ्हाइकाला तो दिवसभर याहून अवघड वाक्यं सांगायचा. पण ज्यानं हा बैल हाका मारमारून वाढवला, त्याला कसं सांगायचं, की तुझी हाक आता फटाका झाली? संदेशनं तोंड उघडलं, मिटलं. संध्याकाळी सांगू म्हणाला. संध्याकाळी बापाचा आवाज बसला होता, म्हणून सकाळी सांगू म्हणाला. सकाळी बाप बसलेल्या आवाजानंच पुन्हा हाका मारत निघाला, आणि संदेश त्याच्या मागोमाग, मुका. बैलाला ओ लवकर द्यायला शिकवणारा माणूस स्वतः असा उशिरा ओ देणारा निघाला.

मग शेणव्याच्या एका दुकानदाराचा फोन आला. वरच्या पाड्यावरचा मंगळू सांगतोय, त्याच्या गुरांत एक गुलाबी बैल आलाय. कुणाचा असेल तर या, आणि बैलाला रंग कशाला देता तेही सांगा.

मंगळूचा पाडा शेणव्याच्या वर डोंगरात. मोटार अजून तिथं जात नाही. खाली ओढ्याशी थांबायचं आणि पायवाटेनं चढायचं. मंगळू म्हणजे वाळक्या अंगाचा, डोक्याला फडकं बांधलेला माणूस. तो मोहाच्या झाडाखाली बसला होता, आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर साहेब चक्क खाली बसून रवंथ करत होता.

"काय केलंस रे तू?" देवराम कुजबुजला. "आमी सगळं गाव घिऊन फिरलो. किती हाका मारल्या."

"मी नाय मारली," मंगळू म्हणाला. "नाव कुठं म्हाईत मला? माझी गुरं घरला चाललीवती, त्यांच्या मागनं आला. मी म्हटलं, ये."

साहेबानं डोळे मिटले होते. पूर्वीसारखे. देवरामला राहवलं नाही. आनंदाला कुठं राहवतं? तो दोन पावलं पुढं झाला आणि म्हणाला, "साहेब, माज्या राजा..."

बैल उठता उठता पुढच्या पायांवर घसरला, गुडघे फोडून घेत उताराला लागला. खाली दगड गडगडत गेल्याचा आवाज येत राहिला.

आवाज थांबला. मग मंगळू उठला आणि आपल्याकडून काही चुकल्यासारखा म्हणाला, "दादा, तुमी हाक नका मारू त्याला."

देवरामनं वळून मुलाकडं पाहिलं. बराच वेळ.

"तुला म्हाईत व्हतं?"

संदेशनं उत्तर दिलं नाही. देता देता इतका वेळ गेला, की तेच उत्तर झालं.

"कवापासून?"

"ओहोळापाशी कळलं."

"त्याला दोन दिस झाले." देवराम खाली बसला. टोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली. गुलाल अजून तसाच होता. "दोन दिस मी त्याला हाकलत व्हतो. आनी तू मागनं चालत व्हतास." मग थोड्या वेळानं, संदेशकडं न बघता, "मी बी कानाशी उभा राहून बोलवतच व्हतो म्हणा. मला बी गुलाल पायजे व्हता."

शिव्या दिल्या असत्या तर संदेशला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी साहेब आपणहून मंगळूच्या गुरांमागं परत आला, लंगडत. देवरामनं त्याला लांबूनच पाहिलं आणि मंगळूला म्हणाला, "राहू दे तुज्याकडं. हितं मोटार येत नाय."

साहेब तिथंच राहिला. मंगळूनं त्याचं नाव गुलाब्या ठेवलं, कारण आला तेव्हा तो गुलाबी होता. दवानं आणि अंग घासण्यानं रंग उतरून बैल पुन्हा पांढरा झाला, पण नाव धुतलं गेलं नाही.

देवराम दर रविवारी सकाळच्या एसटीनं शेणव्याला जायचा आणि डोंगर चढायचा. संदेशला ये म्हणायचा नाही, नको येऊस असंही म्हणायचा नाही. घरात बोलणं तेवढंच उरलं, मीठ दे, गॅस संपला, लाइट गेली. संदेशनं हाक मारली की बाप ओ द्यायचा नाही. ऐकू येत नसावं अशा चेहऱ्यानं बसून राहायचा. सकुबाई म्हणायची, "एक बैल डोंगरावर गेला, एक घरात ठेवून गेला." पण म्हणताना तीही हसायची नाही.

मे महिन्यात कल्याणहून हेतल नावाची एक बाई निळी गाडी बघायला आली. बटणांची गोष्ट तिनं नीट ऐकून घेतली आणि विचारलं, "आणि मी ती कायमच स्पोर्टमध्ये ठेवली तर?"

"ठेवता येते मॅडम. पण बंद करून पुन्हा चालू केली, की ही आपोआप कॉम्फर्टला येते."

"का पण? मी स्पोर्टला ठेवून बंद केली असेल तर?"

"तरी येते. बनवणाऱ्यानं तसंच ठेवलंय." एवढ्यावर थांबायचं होतं, संदेश थांबला नाही. "कुणीतरी विचार केला असणार, की चालवणाऱ्याच्या लक्षात राहणार नाही. सगळ्यांना नसते मॅडम ही सोय. एकदा स्पोर्टमध्ये टाकलं, की परत आणायचं बटणच नसतं. पोट आत जातं. गुडघे फुटतात."

बाईनं गाडीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "कोणाचे गुडघे?"

"दुसऱ्या कंपनीचं मॉडेल आहे," संदेश म्हणाला.

बाई विचार करून सांगते म्हणून गेली. शेठनं संदेशला विचारलं, तू गाड्या विकतोस की किडनी? रविवारी त्यानं गाडी घरी आणली आणि बाप एसटीला निघाला तेव्हा ती फाटकाशी उभी केली.

"चला, सोडतो."

देवरामनं गाडीकडं पाहिलं. संदेशला वाटलं, नाही म्हणणार. पण ऊन होतं आणि एसटीचा भरवसा नव्हता. तो बसला. शेणव्याच्या पुढं ओढ्याशी, बाभळीच्या सावलीत, संदेशनं गाडी अगदी हलक्या पायानं उभी केली आणि बंद केली. बापामागं पायवाट चढू लागला. बापानं हरकत घेतली नाही.

पाड्याच्या जरा अलीकडं देवराम थांबला. कमरेची चंची काढून त्यानं तंबाखू मळली, भली मोठी, दोन माणसांना पुरेल एवढी, आणि सगळी एकदम तोंडात भरली. गाल फुगला. संदेशला बाप तंबाखू खातो हे माहीत होतं, पण एवढी खाताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

मंगळू अंगणात होता. संदेशच्या चेहऱ्यावरचा प्रश्न बघून तो हळूच म्हणाला, "दर बारीला असंच. चुकून हाक जाईल म्हणून तोंड भरून येतात."

संदेशनं खाली पाहिलं.

साहेब लांब, उताराच्या कडेला, मोहाखाली बसला होता. थोडा भरला होता. एक गुडघा अजून जाड. मंगळूनं हाक मारली, "गुलाब्याऽ!"

काही नाही.

देवरामनं संदेशचा दंड धरला. त्या शर्यतीच्या दिवसानंतर पहिल्यांदा.

"गुलाब्याऽ!"

एक कान हलला.

देवरामनं बोटांनी दंडावर दोनदा दाबलं. तोंडात तंबाखू, डोळे बैलावर. तिसऱ्या हाकेला साहेबानं मान वळवली आणि तिघांकडं असं पाहिलं, की अर्ज नियमात बसत नाही. मग उठला, लंगडत, कुठलीच घाई नसल्यासारखा आला. देवराम हसत होता. तंबाखूमुळं ओठ उघडता येत नव्हते, पण गालावरून सगळं दिसत होतं. बैल उशिरा आला म्हणून इतकं हसणारा माणूस दोन तालुक्यांत दुसरा नसेल.

साहेबानं देवरामच्या खांद्याशी तोंड आणलं. देवराम त्याच्या गळ्याची पोळी खाजवू लागला. एरवी या खाजवण्याबरोबर बोलणं असायचं, लहानपणापासून संदेशनं ऐकलेलं, दिवसभराचं सगळं बैलाच्या कानात. आता नुसता हात हलत होता. मध्येच बापाचा कंठ हलायचा, शब्द वर यायचे, आणि गिळले जायचे.

संदेशनंही हात पुढं करून बघितला. बैल एक पाऊल मागं सरला. मग संदेश मंगळूच्या घराच्या कुडापलीकडं, बैलाला दिसणार नाही असा जाऊन बसला आणि तिथूनच त्यानं ते खाजवणं ऐकलं.

उतरताना देवराम पुढं चालत होता. अर्धा डोंगर उतरून झाल्यावर, मागं वळून खात्री करून, त्यानं तंबाखू थुंकली आणि ओढ्याच्या पाण्यानं खळखळून चूळ भरली.

गाडीत बसल्यावर संदेशनं ती चालू केली. समोर हिरव्या अक्षरांत आलं, कॉम्फर्ट. शेणवं मागं गेलं. एक टेम्पो मागं गेला. संदेशनं रस्त्यावरची नजर न काढता म्हटलं, "बाबा, चुकलं माझं."

बापानं खिडकीबाहेर पाहिलं.

"तेव्हा लगेच सांगायला पायजे होतं."

काही नाही. उन्हात भाजलेली खाचरं मागं जात होती. पूर्वी संदेशनं असल्या शांततेत पुन्हा विचारलं असतं, मोठ्यानं विचारलं असतं, नाहीतर रेडिओ लावला असता. आता तो काही न करता खड्डे चुकवत राहिला. किन्हवलीचा नाका आला. माळ फुटली होती ती पानपट्टी आली आणि गेली. घराकडं वळायचा रस्ता आला.

"पुढच्या रविवारी गाडी आजून अलीकडंच लाव," देवराम म्हणाला. "आपण आलो तवा कान टवकारले व्हते त्यानं. मंगळू म्हणला."

"कुठं लावू?"

देवराम बराच वेळ बोलला नाही. संदेशनं पुन्हा विचारलं नाही. त्यानं गाडी फाटकाशी उभी केली, बंद केली, आणि थांबला.